ऐकलेले आणि वाचलेले

(साक्षरता वर्गाच्या समारोपाच्या दिवशी एका निवृत्त पोस्टमनने केलेले भाषण)



आज तुमच्या वर्गाचा शेवटचा दिवस. पाटीवर गिरवण्याचा हा शेवटचा दिवस आहे. वाचण्याचा मात्र आज पहिला दिवस आहे.

तुमचे गुरुजी आमच्या घरी आले आणि म्हणाले, "तुम्ही ग्रंथालयातून बरीच पुस्तके नेता. त्यांतली चार-पाच नुकतीच वाचलेली घ्या आणि आमच्या वर्गाला त्यांच्याविषयी सांगा." आम्ही म्हणालो, "गुरुजी, पुस्तकांवर विद्वानांनी बोलावे. आम्ही पडलो पोस्टमन." गुरुजी हसून म्हणाले, "विद्वानांची भाषणे पुष्कळ झाली. एकदा वाचणाऱ्याचे ऐकू." तेव्हा आमचा नाइलाज झाला.

आम्ही माण-खटाव भागात तीस वर्षे टपाल वाटले. खांद्याला थैली, बुडाखाली सायकल. वाड्यावस्त्यांवर जायचे, पत्र द्यायचे, मनीऑर्डर द्यायची. मनीऑर्डर घेणाऱ्याचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवायचा. त्या काळी पुष्कळांना वाचता येत नसे. पत्र हातात दिले की ते तसेच परत आमच्यापुढे यायचे. "वाच की रं बाबा, काय लिवलंय पोरानं?" मग ओट्यावर बसायचे आणि वाचून दाखवायचे. दुसऱ्याच्या घरची सगळी सुखदुःखे आम्ही आमच्या तोंडाने बोललो आहोत.

पुस्तकांकडे वळण्याआधी त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. ती आम्ही आजवर कोणाला सांगितली नव्हती.

म्हातारीचा कागद

सन १९८२. त्या वर्षी जानेवारीत मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या भागातले पुष्कळ लोक गिरण्यांत कामाला होते. संप लांबला आणि गावाकडे येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या.

एका वस्तीवर एक म्हातारी एकटी राहत असे. तिचा एकुलता एक मुलगा गिरणीत होता. दिवाळीच्या आधी त्याचे पत्र आले. आम्ही नेहमीप्रमाणे ओट्यावर बसून पत्र उघडले. आत लिहिले होते की, संप मिटत नाही. खोलीचे भाडे थकले आहे. बायकोच्या गळ्यातले मोडले. दिवाळीला येणे जमत नाही. शेळी विकून चार पैसे पाठवता आले तर पहा.

म्हातारी आमच्या तोंडाकडे बघत होती. आमचा धीर झाला नाही. आम्ही वाचल्यासारखे करून सांगितले, "पोरगा खुशाल आहे. दिवाळीला यायचे बघतो म्हणतो."

आम्हांला वाटले, आपण दया केली. म्हातारीने घर सारवले. तांदूळ उसने आणून अनारसे केले. दिवाळीचे चारही दिवस ती एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसत होती.

पुढे खरे काय ते तिला कळलेच. आम्ही गेलो तेव्हा ती रागावली नाही, ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, कागद माझा हुता. रडायचं का न्हाई, ते माझं मी बघितलं असतं. शेळी तरी येळंवर इकली असती."

या गोष्टीला चाळीस वर्षांहून अधिक काळ झाला. ते वाक्य अजून आमच्या कानात आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचले की दुसरा दाखवील तेवढेच दिसते. मग तो दुसरा कितीही भला असो.

आता तुम्ही म्हणाल, याचा पुस्तकांशी काय संबंध? संबंध असा. आम्हांला वाचता येत होते, तरी सेवानिवृत्त होईपर्यंत आम्ही एकही पुस्तक धड वाचले नव्हते. पण पुस्तकांविषयी सगळे ठाऊक असल्यासारखे बोलत होतो. कोणी चावडीवर सांगितलेले, कोणी भाषणात सांगितलेले. म्हणजे पुस्तकांच्या बाबतीत आमची गतही त्या म्हातारीसारखीच होती. या वर्षी आम्ही ठरवले की, ज्यांच्याविषयी नुसते ऐकले आहे, अशी पुस्तके स्वतः वाचायची. ऐकले होते काय आणि निघाले काय, तेच आज सांगतो.

विहिरीवरची राणी

पहिले पुस्तक 'माझा प्रवास'. लिहिणारे विष्णुभट गोडसे. हे कोकणातल्या वरसई गावचे भिक्षुक. घरावर कर्ज झाले होते. उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा चांगली मिळेल, असे कानावर आले. म्हणून १८५७ साली ते आपल्या काकांबरोबर घरून निघाले. आणि नेमके त्याच वर्षी शिपायांचे बंड पेटले. मिळवायला गेले दक्षिणा आणि सापडले लढाईत!

झाशीच्या राणीविषयी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पाठीला मूल बांधलेले, हातात तलवार, घोडा दोन पायांवर उभा. चौकाचौकांत असे पुतळे आहेत. पुस्तकातही ती लढते. १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, शहर जिंकले, लुटले, जाळले, तेव्हा हे गोडसे भटजी झाशीतच होते. शहराचे काय झाले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ते वाचताना आमची झोप उडाली.

पण आमच्या मनात राहिला तो दुसराच प्रसंग. झाशी पडली आहे. भटजी काल्पीच्या बाजूला एका विहिरीपाशी आहेत. तेथे काही घोडेस्वार येतात. त्यांत एक पुरुषी वेषातली बाई आहे. अंगभर धूळ, चेहरा सुकलेला, तहानेने जीव कासावीस. ती राणी लक्ष्मीबाई! भटजी पुढे होऊन पाणी काढू लागतात. तर ती त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते, असे म्हणते. आणि मातीचे मडके घेऊन स्वतः पाणी शेंदते.

आम्ही तेथे पुस्तक खाली ठेवले. चौकातला पुतळा कधी तहानलेला नसतो. आमच्या भागात पाणी शेंदून बायांच्या हातांना घट्टे पडलेले आम्ही पाहिले आहेत. दोर हाताला कसा लागतो, हे तुम्हां भगिनींना सांगायला नको. त्या दिवसापासून राणी आम्हांला पुतळ्याहून मोठी वाटते.

भटजींच्या सगळ्याच गोष्टी आम्हांला पटल्या असे नाही. जातीपातीचे त्यांचे विचार त्यांच्या काळाचे आहेत. वाचताना कोठे कोठे आम्ही मान हलवून 'नाही' म्हटले. पण माणूस खरा आहे. भ्यालो तेथे भ्यालो म्हणतो. मिळवलेले पैसे लुटले गेले ते सांगतो. शेवटी काय घेऊन घरी परततो? खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड! त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतो. खांद्यावर ओझे घेऊन मैलोगणती चालणे म्हणजे काय ते पोस्टमनला कळते.

त्यांनी हे सगळे १८८३ साली लिहिले. छापले गेले १९०७ साली. मध्ये चोवीस वर्षे कागद पडून होते. ते कागद कोणी चुलीत घातले असते, तर विहिरीवरची राणी आपल्याला दिसली नसती.

आपल्यावरच हसणारी बाई

दुसरे पुस्तक 'स्मृतिचित्रे'. हे लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र. आत्मचरित्र म्हणजे स्वतःच्या आयुष्याची स्वतः सांगितलेली हकीकत. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या.

याविषयी आम्हांला एका शहाण्याने सांगितले होते, "ते धर्मांतराचे पुस्तक. आपल्याला काय करायचे त्यात?" झाले! आम्ही वीस वर्षे त्या पुस्तकाला हात लावला नाही.

या वर्षी हात लावला, आणि काय सांगावे! आम्ही रात्री एकटेच मोठमोठ्याने हसू लागलो. आमच्या मंडळी आतून उठून आल्या. त्यांना वाटले, म्हाताऱ्याला काही झाले की काय.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे वेड होते. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. त्यापायी घरातल्या माणसांचे काय हाल झाले, ते त्या अशा सांगतात की हसताहसता डोळ्यांत पाणी येते. पुढे लहानपणीच लग्न झाले. पती नारायण वामन टिळक मोठे कवी. पण संसाराच्या कामाला? हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे! मनात आले की उठून परगावी चालते व्हायचे. घरात काय आहे, काय नाही, त्याची काळजी बायकोने करायची.

१८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. त्या काळी हा केवढा घाव! कित्येक वर्षे नवरा एकीकडे आणि बायको-मुलगा दुसरीकडे. पुढे त्या पतीकडे राहायला गेल्या. तरी जातीची बंधने लगेच सुटली नाहीत. खाण्यापिण्याचे सोवळे त्यांनी काही काळ वेगळेच सांभाळले. मग हळूहळू, स्वतः विचार करून, एकेक गाठ सोडवली. कोणी सांगितले म्हणून सोडवली नाही. पतीने सांगितले म्हणूनही नाही. स्वतःला पटले तेव्हा.

आम्हांला या पुस्तकातली हीच गोष्ट सर्वांत आवडली. धर्म कोणता धरावा, कोणता सोडावा, हे आम्ही सांगणार नाही. पण बाईचे मन कसे तिळातिळाने पालटते, ते इतक्या प्रामाणिकपणे सांगितलेले आम्ही दुसरीकडे वाचले नाही. स्वतःची फजिती सांगायला त्या कोठे लाजत नाहीत.

आणि एक ध्यानात घ्या. या बाई शाळेत जाऊन शिकल्या नाहीत. अक्षरे शिकल्या त्या संसारात पडल्यावर, घरातच. पुढे टिळकांनी अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन' हे मोठे काव्य त्यांनीच पुरे केले. म्हणून मोठेपणी पाटी हातात घेतल्याची लाज धरू नका.

आमच्याच मुलखातली गोष्ट

तिसरे पुस्तक कादंबरी आहे. 'बनगरवाडी'. लेखक व्यंकटेश माडगूळकर. १९५५ सालचे पुस्तक. पुढे १९९५ साली त्यावर चित्रपटही निघाला.

गोष्ट औंध संस्थानातली. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर नेमणुकीला जातो. शाळा बंद पडलेली. पोरे मेंढरांमागे. मास्तर घरोघर हिंडून पोरे गोळा करतो. हळूहळू वाडीतली माणसे त्याच्याकडे आपली कामे घेऊन येतात, भांडणे घेऊन येतात. वाडीने मिळून एक तालीमही बांधली. तिच्यासाठी खुद्द राजे आले.

आम्हांला वाटले होते, शाळेच्या गमतीजमती असतील. आमच्याच मुलखातले पुस्तक, आम्हांला नवे काय सांगणार?

पण त्यात एक शेकू नावाचा माणूस आहे. त्याच्याजवळ बैल एकच. पेरणीची वेळ आलेली. दुसरा बैल मिळत नाही. आणि पाऊस कोणासाठी थांबत नाही. मग काय होते? शेकूची बायको बैलाच्या जोडीला जुवाखाली आपला खांदा देते.

मंडळी, हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. आम्हांला आमची आई आठवली. १९७२ च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. दिवसभर ऊन, हातात हातोडी. संध्याकाळी मिळालेली सुकडी ती पदराला बांधून आमच्यासाठी आणायची. आम्ही ती खायचो. पण आईच्या हातांकडे आम्ही तेव्हा एकदाही पाहिले नाही. माडगूळकरांनी शेकूच्या बायकोकडे पाहिले. पन्नास वर्षांनी ते वाचून आम्ही आमच्या आईच्या हातांकडे पाहिले.

शेवट मात्र आम्हांला फार लागला. दुष्काळ पडतो. मेंढरे मरतात. माणसे वाडी सोडून जगायला बाहेर जातात. मास्तरही जातो. आम्हांला लेखकाचा राग आला. एवढी माणसे आमच्या ओळखीची करून दिलीस आणि शेवटी वाडी ओस पाडलीस! दोन दिवस आम्ही चरफडत होतो. मग लक्षात आले की, पाऊस लेखकाच्या हातात नव्हता. आमच्या मुलखात असेच होत आले आहे. खोटा शेवट केला असता, तर तो आम्ही म्हातारीला सांगितलेल्या दिवाळीसारखा झाला असता.

'या' म्हणाले, मग 'जा' म्हणाले

चौथे पुस्तक चरित्र आहे. 'एक होता कार्व्हर'. लेखिका वीणा गवाणकर. हे १९८१ साली निघाले.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा अमेरिकेतला काळा माणूस. जन्म १८६४ च्या सुमाराचा. आई गुलाम होती. म्हणजे तिची मालकी दुसऱ्याची! जॉर्ज तान्हा असताना लुटारूंनी मायलेकरांना पळवले. मालकाने एक घोडा देऊन मुलाला सोडवून आणले. आई पुन्हा कधी सापडली नाही.

हा पोरका मुलगा लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून शिकला. त्यातला एक प्रसंग पोस्टमन म्हणून आमच्या काळजाला भिडला. त्याने एका महाविद्यालयाकडे टपालाने अर्ज केला. टपालानेच उत्तर आले, 'प्रवेश मिळाला आहे, या.' तो एवढ्या लांबून गेला. तेथे त्यांनी त्याचा रंग पाहिला आणि म्हणाले, 'जा.' आम्हांला वाटले, ते पत्र ज्या पोस्टमनने त्याला आनंदाने दिले असेल, त्याला पुढचे कधी कळले असेल काय?

तरी तो शिकला. शेतीचा शास्त्रज्ञ झाला. १८९६ साली टस्कीगी या गावच्या संस्थेत गेला. तेथे काळ्या मुलांना शिक्षण मिळत असे. प्रयोगशाळेला सामान नव्हते. त्याने उकिरड्यावरच्या बाटल्या आणि मोडके डबे गोळा केले आणि त्यांतून प्रयोगशाळा उभी केली.

त्या भागात वर्षानुवर्षे कापसावर कापूस घेऊन जमिनी खंगल्या होत्या. कार्व्हर शेतकऱ्यांना सांगे, पीक पालटा. भुईमूग घ्या, चवळी घ्या. शेंगवर्गातल्या पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले सूक्ष्म जीव हवेतला नत्र धरून ठेवतात आणि जमिनीला खत मिळते. आपल्याकडचा शेतकरीही पिकांची फेरपालट करत आला आहे. पण का करायची, ते आम्हांला या पुस्तकाने समजावले.

आम्ही ऐकले होते की, शेंगदाण्याचे लोणी या कार्व्हरने शोधले. ते खरे नाही. ते आधीपासून होते. त्याचे खरे मोठेपण वेगळे आहे. शेतकरी शाळेत येत नाही ना, मग शाळाच शेतकऱ्याकडे नेऊ, असे त्याने ठरवले. १९०६ साली एका घोडागाडीत अवजारे आणि बियाणे भरून फिरती शाळा सुरू झाली. ती गाडी खेड्यापाड्यांत जाई. आणि तो साध्या भाषेत लहान लहान पुस्तिका काढी. भुईमूग कसा लावावा आणि त्याचे १०५ पदार्थ कसे करावेत, याची त्याची पुस्तिका १९१६ सालची आहे. अडाणी म्हणून शेतकऱ्याला त्याने कधी हिणवले नाही.

एक तक्रार करतो. लेखिकेची कार्व्हरवर फार भक्ती आहे. त्यामुळे या माणसात दोष कोठे दिसतच नाही. आम्हांला वाटते, एखादा दोष दिसला असता तर तो आणखी जवळचा वाटला असता. पण हे पुस्तक हातात घेतले की संपल्याशिवाय सुटत नाही, हेही तितकेच खरे.

जे पुस्तक टाकून दिले

एक पुस्तक आम्ही अर्ध्यावर टाकून दिले. त्याचे नाव सांगत नाही. एस.टी. स्टँडवर विकत घेतले होते. वर चकचकीत चित्र. आत काय, तर यशस्वी कसे व्हावे! पहाटे उठा, मोठी स्वप्ने पहा, पैसा आपोआप येईल. आम्ही तीस वर्षे पहाटे उठलो. आमच्याकडे कधी आपोआप पैसा आला नाही. साठाव्या पानावर पुस्तक मिटले.

हे मुद्दाम सांगतो. छापलेले सगळेच खरे नसते. नावडते पुस्तक मिटून ठेवण्याचा तुम्हांला अधिकार आहे. ताटात वाढलेले सगळे संपवावे, हा नियम जेवणाला. पुस्तकाला तो लागू नाही.

जात्यावरचे पुस्तक

आता शेवटचे पुस्तक. यावर बोलताना आमचा आवाज बसला तर सांभाळून घ्या.

हे कवितेचे पुस्तक आहे. 'बहिणाबाईंची गाणी'. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. जन्म १८८० चा. शेतकऱ्याघरची बाई. लिहिणे-वाचणे कधी शिकल्या नाहीत. तरुणपणी वैधव्य आले. शेतात राबताना, घरात जात्यावर बसताना त्या आपल्या बोलीत गाणी रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी आणि घरातल्या आणखी एका आप्ताने ती गाणी ऐकून ऐकून कागदावर उतरवली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. १९५२ साली पुस्तक निघाले. आचार्य अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली.

यांतली काही गाणी आम्ही रेडिओवर ऐकली होती. चाल गोड. ऐकताना मान डोलायची आणि गाणे संपले की विसरायचे. वाचू लागलो तेव्हा मात्र अडलो. ती खानदेशकडची बोली. पुष्कळ शब्द आम्हांला कळेनात. मग जळगावकडचे एक वाहक आमच्या शेजारी राहतात, त्यांना गाठले. ते एकेक शब्दाचा अर्थ सांगत आणि आम्ही पुस्तकात पेन्सिलीने लिहून ठेवत असू. अशी एकेक ओळ उकलली. तेव्हा कळले की, ही नुसती गोड गाणी नव्हेत. चूल, शेत, विहिरीची मोट, सुगरणीचा खोपा, माणसाचे मन. रोजच्या डोळ्यांपुढच्या गोष्टी. पण त्यांतून त्या बाईने जे पाहिले, ते पोथ्या वाचणाऱ्यांनाही दिसत नाही.

पुस्तक वाचून संपले त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. कारण आमची आईही जात्यावर गात असे.

पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची. तिच्या मांडीवर डोके ठेवून आम्ही पडायचो. आई ओव्या म्हणायची. काही तिच्या आईच्या, काही गावातल्या बायांच्या, काही तिच्या स्वतःच्या. माहेरच्या, भावाच्या, पंढरीच्या. पुढे गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. आम्ही नोकरीला लागलो. आमच्या खिशात दिवसभर पेन आणि कागद. साऱ्या गावाचा लिहिलेला शब्द आम्ही घरोघर पोचवला. पण आईची एक ओवी काही आम्ही लिहून घेतली नाही. सोपानदेवांनी कागद पुढे ओढला. आमचाही कागद खिशात होता. आम्हांला ते सुचले नाही.

आणखी एक गोष्ट आहे. आई म्हातारी झाली होती. आम्ही दारात बसून वर्तमानपत्र वाचत होतो. आई डाळ निवडत होती. ती म्हणाली, "आरं, एवढं वाचतोस, मला बी वाचून दाव की कायतरी." आणि आम्ही मान वर न करता म्हणालो, "तुला काय कळणार आहे त्यातलं?"

आई काही बोलली नाही. पुढे कधी तिने मागितलेही नाही. २००३ साली ती गेली.

त्या म्हातारीला आम्ही खोटे वाचून दाखवले. आईला तर काहीच वाचून दाखवले नाही. यांतले मोठे पाप कोणते, ते आम्हांला ठरवता येत नाही. बहिणाबाई वाचल्यावर एवढे कळले की, 'तुला काय कळणार' हे वाक्य आम्ही ज्या बाईला बोललो, तिला आमच्याहून अधिक कळत होते. तिला अक्षरे तेवढी ठाऊक नव्हती.

आता आम्ही एक वही केली आहे. आठवते ती आईची ओवी तीत उतरवतो. आजवर साडेतीन ओव्या आठवल्या. चौथीची पहिली ओळ येते, पुढची येत नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायांकडे जाऊन विचारतो.

तुम्ही काय करावे

मंडळी, आम्ही काही उपदेश करायला आलो नाही. पण आम्हांला जे उशिरा कळले, ते तुम्हांला लवकर कळावे, एवढीच इच्छा.

रोज दोन पाने वाचा. दोनच. पण चुकवू नका. बोट ठेवून वाचले तरी चालते. ओठ हलले तरी चालतात. हसणाऱ्याला हसू द्या.

शब्द अडला तर विचारा. आम्हांला या वयात विचारावे लागले. तुम्हांला कसली लाज?

कोणी म्हणाले, 'त्या पुस्तकात अमुक आहे', तर ऐकून घ्या. पण एकदा स्वतः उघडून पहा. ऐकलेले आणि वाचलेले यांत फार अंतर असते.

वाचलेले घरात मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी. आणि जसे लिहिले आहे तसेच वाचा. वाईट वाटेल म्हणून बदलू नका.

आणि ज्यांच्या घरी आई, आजी, आत्या गाणी म्हणणारी असेल, त्यांनी आज रात्रीच वही करा. तुम्हांला आता लिहिता येते. शुद्धलेखनाची काळजी नंतर.

शेवटी या वर्गातलीच एक गोष्ट सांगतो. मागच्या आठवड्यात आम्ही येथे येऊन मागे बसलो होतो. एका भगिनीच्या हातात एक पत्र होते. सवयीने आमचा हात पुढे झाला. तीस वर्षांची सवय, लवकर जात नाही. आम्ही म्हणालो, "आणा ताई, वाचून दाखवतो." त्यांनी पत्र पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "नको दादा. माझं मी वाचते."

त्या दिव्याखाली जाऊन बसल्या. एका पानाला पाव तास लागला. मध्ये एकदा थांबल्या, डोळे पुसले, पुन्हा वाचू लागल्या. मग घडी घालून पत्र आत ठेवले.

पत्रात काय होते, ते आम्हांला ठाऊक नाही. आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. कागद त्यांचा होता.